गोड्या पाण्याची रेघ

हरेशच्या घरी कुणी गेलं की चपला काढायच्या आत तो विचारायचा, "टाकी बघितलीत?" न बघून सांगता कुणाला! दार उघडलं की समोरच चार फुटी काच, वर निळा दिवा, आणि आत समुद्राच्या पाण्यात राहणारं एक कुटुंबच. नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउन मासे, एक पिवळाधमक टँग मासा, दगडांना धरून वाढलेले प्रवाळाचे गड्डे, आणि पाठीवर पांढरी रेघ असलेली लाल कोळंबी. ही कोळंबी माशांच्या अंगावरची घाण वेचून खाते, टँग दगडावरचं शेवाळ खातो, कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. "मासे निवडायलाच अक्कल लागते," हरेश पाहुण्यांना सांगायचा. "दिसायला छान म्हणून काहीही उचलून टाकलं तर उद्या एकच उरतो, आणि तोही पोट फुगवून."

सांगायचा ते खरंच होतं, खोटं कशाला बोला. रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत तो ऑपरेटर. शिफ्ट कुठलीही असो, रविवारी टाकीची सेवा चुकायची नाही. काच घासायची, फेस गोळा करणारं भांडं धुवायचं, थोडं जुनं पाणी काढून पाकिटातलं मीठ कालवलेलं नवं पाणी घालायचं. बायको रोहिणी म्हणायची, "माझ्या गुडघ्याला मलम लावायला सांगितलं तर हात दुखतात, आणि माशांची आंघोळ बघा." तरी तिलाही टाकीचं कौतुक होतं. आठ वर्षांच्या मृणालीनं तर क्लाउन माशांना राजा-राणी अशी नावंही देऊन टाकली होती.

एवढं सगळं सांगणारा हरेश एक गोष्ट मात्र कधी सांगायचा नाही. कंपनीत कुणी गाव विचारलं की "पेणकडचा" म्हणून मोकळा व्हायचा. शेती आहे थोडी, असंही ठोकून द्यायचा. खरं म्हणजे त्याचं गाव धरमतरच्या खाडीकाठी, आणि त्याचे वडील कान्हू यांनी पन्नास वर्षं मिठागरात काढली. लहानपणी हरेशही शाळा सुटली की वाफ्याच्या बांधावर बसून बापाचा डबा सांभाळायचा. पांढऱ्या ढिगाऱ्यांत, उन्हात डोळे बारीक करून. ते दिवस त्यानं रोह्याच्या फ्लॅटमध्ये आणलेच नव्हते.

एप्रिलच्या शेवटी कान्हूच रोह्याला आला. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आठवडाभर थेंब घालायचे होते. हिरवा चष्मा लावून म्हातारा दिवसभर टाकीसमोर बसायचा. "एकेकाचा रंग बघ, जसा काय हलदीला निघालेत," असं म्हणून एकटाच हसायचा. मृणाली शाळेची सुट्टी असल्यानं त्याच्या मांडीवर. दोघांचं काय काय चालायचं!

त्या दिवसांत उकाडा असा होता की जीव नको. पाणी तापलं तर मासे जातात, म्हणून हरेशनं टाकीवर छोटा पंखा लावला होता. पंख्याच्या वाऱ्यानं पाणी गार व्हायचं खरं, पण रोज चार-पाच लिटर उडूनही जायचं. हरेश मग मिठाचं पाणी कालवून टाकी पुन्हा काठोकाठ भरायचा. खारटपणा मोजायला त्याच्याकडे एक प्लास्टिकचं यंत्र होतं, आत एक काटा. काटा नेहमी खालीच दाखवायचा, म्हणजे मीठ कमी. म्हणून हा गडी पुढच्या बादलीत मूठभर मीठ जास्तच टाकायचा. असं पंधरा दिवस चाललं होतं.

शुक्रवारी सकाळी हरेश पहिल्या शिफ्टला निघाला होता. कान्हूनं टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"हरेश, पानी कडू झायलाय रं. पिकाला आलाय."

पिकाला येणं म्हणजे वाफ्यातलं पाणी इतकं दाट होणं की आता मीठ धरणार. हरेशला ते कळलं. कळलं म्हणूनच त्याचं डोकं फिरलं.

"बाबा, हे मिठागर नाही. हात घालू नका त्यात, तंबाखूचा हात तुमचा. माझ्याकडे मशीन आहे मोजायला."

"बरं," कान्हू म्हणाला आणि बोट धोतराला पुसलं.

शनिवारी रोहिणी आणि मृणाली खांब गावाला गेल्या. रोहिणीच्या मामेबहिणीची हळद होती. आणि नेमका त्याच संध्याकाळी हरेशच्या प्लँटचे मॅनेजर दिनानाथसाहेब बायकोला घेऊन टाकी बघायला येणार होते. साहेबांना अशीच टाकी घ्यायची होती. महिनाभर हरेश त्याच आनंदात होता. साहेब आपल्या घरी येणार, आपल्याकडून शिकून घेणार! सोफ्याला नवीन कव्हरं घातली, वडिलांची पिशवी आतल्या खोलीत ढकलली.

साहेब आले, बसले. हरेश चहा टाकायला आत वळला, तोवर कान्हू स्वयंपाकघरातून ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर आलासुद्धा. पाहुणा आला की आधी पाणी, हे त्याला कुणी सांगायला लागत नव्हतं. चुरगळलेला सदरा, हिरवा चष्मा, अनवाणी पाय.

"हे कोण?" साहेबांनी सहज विचारलं.

हरेशच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या गावचे आहेत. डोळ्याच्या ऑपरेशनला आलेत."

आता काय म्हणावं या माणसाला! एवढ्या मोठ्या तोंडाला 'वडील' हा तीन अक्षरी शब्द उच्चारता आला नाही. कान्हूनं ट्रे खाली ठेवला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. चेहऱ्यावर काही नाही. हरेशनं तिकडे बघितलंच नाही म्हणा.

साहेबांची बायको टाकीपाशी गेली होती. "अहो, ही कोळंबी हलत नाही."

कोळंबी दगडाच्या कपारीत उताणी पडली होती. प्रवाळाचे गड्डे मिटून सुकलेल्या बोराएवढे झाले होते. पिवळा टँग पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत होता आणि मिटत होता. सकाळपासून हे होत असणार, पण हरेश कव्हरं घालण्यात गुंतला होता.

"काय झालं हो?" साहेब म्हणाले. "तुम्ही तर म्हणाला होतात, तीन वर्षांत एक मासा मेला नाही."

"सर, यांनी काल हात घातला पाण्यात," हरेश म्हणाला. त्यानं भिंतीकडे हात केला. "तंबाखूचा हात. नको म्हणून सांगितलं होतं. या लोकांना कळत नाही."

कान्हूनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग हात पाठीमागे नेला.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "माझीच चुकी झाली."

त्या खोलीत साहेब दोन होते. कान्हू नेमका कुणाला म्हणाला, ते हरेशनं कधीच विचारलं नाही. विचारायची छाती नव्हती.

साहेब चहा पिऊन गेले. रविवारी सकाळी हरेश उठला तेव्हा वडिलांचं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं. डोळ्याचे थेंब अर्धे बाकी होते ते बाटलीसकट घेऊन कान्हू पेणच्या एसटीत बसला होता. शेजारच्या काकांना सांगून गेला, की मिठाचे दिवस आहेत, घरी काम आहे. मिठागर सोडून त्याला चार वर्षं झाली होती.

रविवारी टँग मेला. सोमवारी राणी मेली. मृणाली खांबहून आली आणि टाकीसमोर बसून रडली. हरेशनं तिलाही तेच सांगितलं, आबांनी हात घातला. एकदा खोटं सांगितलं की दुसऱ्यांदा सोपं जातं, हा त्याला नवाच शोध होता. पोरीनं वहीचं पान फाडलं, स्केचपेननं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि टाकीच्या काचेला चिकटवलं: 'आबांनी हात लावू नये.'

बुधवारी सुट्टी होती. हरेशनं टाकीतलं पाणी बाटलीत भरलं आणि पेण गाठलं. तिथं आदेशचं माशांचं दुकान. टाकी बसवून देण्यापासून मासे निवडण्यापर्यंत सगळं त्यानंच हरेशला शिकवलं होतं. आदेशनं पाण्याचा एक थेंब काचेवर टाकला, दुर्बिणीसारखी नळी डोळ्याला लावून उजेडाकडे पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं.

"हे टाकीतलं आहे की मिठागरातलं?" तो म्हणाला.

"का?"

"पस्तीसच्या आसपास पाहिजे. शेहेचाळीस आहे. मासे इतके दिवस जगले हेच नवल. रोज पाणी उडतं त्याच्या जागी काय घालतोस?"

"मिठाचं पाणी."

आदेशनं नळी खाली ठेवली आणि कपाळावर हात मारला. "अरे, उडतं ते पाणी. मीठ उडतं का? ते तर आतच राहतं. वरून रोज आणखी मीठ ओततोयस. तिथं साधं गोडं पाणी घालायचं. आणि तुझं ते काट्याचं यंत्र बघ, काट्यावर मिठाचा थर बसलाय. जड झालाय काटा, खालीच दाखवणार." मग तो हसला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. "आपल्या पेणकडच्या कुठल्याही मिठागरवाल्याला विचारलं असतंस ना, तरी त्यानं सांगितलं असतं."

हरेश दुकानाबाहेर येऊन गाडीला टेकून उभा राहिला. पाच वर्षांचा असताना बापानं त्याला बांधावर उभं करून दाखवलं होतं, "बघ, सूर्य पानी पितो, मीठ नाय पीत." दुसरीच्या पुस्तकाआधी त्याला ते येत होतं. आणि परवा बापानं बोट बुडवून जिभेवर ठेवून, अगदी नाव घेऊन सांगितलं होतं, पाणी पिकाला आलंय. त्यावर यानं काय उत्तर दिलं? माझ्याकडे मशीन आहे.

लाज म्हणजे काय ते त्याला तिथं पेणच्या भर बाजारात कळलं. आजूबाजूचं कुणी बघत नव्हतं, तरी त्याला मान वर करवेना.

परत येताना वडखळ लागलं. उजवीकडे वळलं की धरमतरचा रस्ता, वीस मिनिटांत घर. हरेशनं गाडी बाजूला घेतली, पाच मिनिटं उभा राहिला, आणि सरळ रोह्याला निघून आला. होय, आला. उद्या जाऊ म्हणत आला, आणि उद्याचे तेरा दिवस झाले.

त्या दिवसांत त्यानं टाकी मात्र सुधारली. रोज थोडं खारं पाणी काढायचं, थोडं गोडं घालायचं, हळूहळू, माशांना धक्का बसणार नाही असं. राजा वाचला. प्रवाळाचे दोन गड्डे उघडले. रोहिणीनं विचारलं, काय बिघडलं होतं, तर म्हणाला, "अमोनिया." आणि काचेवरचा कागद तसाच. काच घासताना तो त्या कागदाच्या कडेकडेनं घासायचा.

चौदाव्या दिवशी आईचा फोन आला. धोंडुबाई कधी कामाशिवाय फोन करायची नाही.

"हरेश, तुजा बाबा तंबाखू सोडून बसलाय रं. पन्नास वर्साची सवय. रात नाय झोपत, हात थरथरतात. गावात सांगत फिरतो, माज्या हातानं नातीची मासली मेली. काय झायला काय तिकडं?"

"येतो मी," हरेश म्हणाला.

दुसऱ्या सकाळी निघण्यापूर्वी तो टाकीपाशी गेला आणि कागद सोडवला. चिकटपट्टी हळू हळू काढली तरी एक कोपरा फाटला. मृणाली ब्रश तोंडात धरून बघत होती.

"आबांनी नाही मारले मासे," हरेश तिला म्हणाला. "माझ्याकडून मेले. मी पाण्यात मीठ जास्त घातलं. आबांनी मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

मृणालीनं ब्रश काढला. "मग मला हे का लिहू दिलंस?"

रोहिणी दारात उभी होती. तीही उत्तराची वाट बघत होती. हरेशनं कागदाची घडी केली, खिशात घातली आणि जिना उतरला.

गावात घराच्या मागच्या बाजूला शेवग्याखाली कान्हू उकिडवा बसला होता. समोर निळा प्लास्टिकचा पिंप, वरून अर्धा कापलेला. आत खाडीचं निवळ पाणी, तळाला वाळू, दोन शिंपले, आणि बोटाएवढे पाच-सहा मासे. पिंपाच्या आतल्या बाजूला कोळशानं एक रेघ ओढलेली. पाणी त्या रेघेच्या दोन बोटं खाली आलं होतं. कान्हू तांब्यातून पाणी ओतत होता, धार बारीक धरून.

"हे काय बाबा?" हरेश म्हणाला.

"आलास? बस." म्हातारा वळला नाही. "मृणालीसाठी हायत. जालात आले ते सगले नाय घेतले. जिताड्याचा एक पिलू होता, सुरेख, तो सोडला. मोठा झायला तं बाकीच्यांना खाल. हे गरीब हायत, एकमेकांच्या वाटंला नाय जात. दहा दिवस झाले, एक मेला नाय."

"आणि ही रेघ?"

"पानी उडतं नं उन्हानं. रेघंपरयंत भरायचा. हे नलाचा गोडं पानी. खारं घातला तं कडू होल नं." त्यानं हे असं सांगितलं, जसं कुणी वाटसरूला गावचा रस्ता सांगावा. त्यात टोमणा नव्हता. असता तर हरेशला बरं वाटलं असतं.

तो मातीतच बसला. रोह्यात तो वडिलांना तुम्ही म्हणायचा. इथं बसल्यावर तोंडात जुनीच भाषा आली.

"बाबा, तुझ्या हातानं नाय मेले ते. मी मीठ घालत गेलो. तू म्हनला तेच होता. पानी पिकाला आला होता."

"ठाव हाय."

"तुला ठाव होता?"

"मना पानी कलत नाय काय?" आता कान्हूनं वळून बघितलं. ऑपरेशनचा डोळा अजून लाल होता. "जिभंला लावला तवाच कलला."

"मग साहेबासमोर माझी चुकी म्हनून का सांगितलास? गावात का सांगत फिरतोस?"

कान्हूनं तांब्या खाली ठेवला.

"मंग काय सांगू? कान्हूच्या पोराला पानी वलखता आला नाय, असा सांगू? मिठागराच्या मानसाचा पोरगा! मना लाज वाटली रं. त्यापरीस माझा हात बरा."

हरेशला वाटलं होतं, लाज आपल्याला एकट्यालाच वाटते आहे. बापानं त्याची लाज उचलून आपल्या अंगावर घेतली होती आणि गावभर मिरवली होती.

"आनि तंबाखू?" त्यानं विचारलं.

"पोरीनं पाटी लावलेय म्हनं. सूनबाई फोनवर बोलली. परत तुझ्या घरात येयाचा तं हात साफ नको? म्हनून सोडली." मग त्यानं दुसरंच काढलं, अगदी साध्या आवाजात. "तो साहेब परत येल नं टाकी बघाय? येऊ दे. मना गावचाच म्हन. मी आतल्या खोलीत बसन. पानी तू दे."

हरेश उठला. अंगणाच्या टोकाला गेला, खिशातून फोन काढला. घाईत तो दोनदा चुकीच्या नावाला लागला. मग दिनानाथसाहेबांचा आवाज आला. हरेश पिंपापाशी परत आला आणि बापासमोर उभा राहून बोलला, मोठ्यानं.

"सर, हरेश बोलतोय. त्या दिवशी घरी आला होतात ना, तेव्हा मी खोटं बोललो. मासे माझ्या चुकीनं मेले. आणि ते जे भिंतीपाशी उभे होते, ते माझे वडील आहेत. मिठागरात कामाला होते, पन्नास वर्षं."



"कोण?" साहेब म्हणाले. "भिंतीपाशी कोण होतं?"

"पाणी घेऊन आले होते, सर. हिरवा चष्मा."

"असेल बाबा. मला काही आठवत नाही. बरं, मग?"

ज्या माणसासमोर मान ताठ राहावी म्हणून त्यानं बापाला गावचा करून टाकलं, त्याला तो बाप आठवतही नव्हता. नाकारलं होतं ते फक्त दोघांच्या लक्षात राहिलं होतं, आणि ते दोघेही आत्ता इथं शेवग्याखाली होते.

"काही नाही सर. सांगायचं होतं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

"काय म्हनला साहेब?" कान्हूनं विचारलं.

"काय नाय."

म्हाताऱ्यानं मान हलवली. त्यानं पिंपात बोट बुडवलं, जिभेला लावलं, मग हरेशकडे बघून पिंपाकडे खूण केली. हरेशनंही बोट बुडवलं आणि चाखलं. खारट होतं, एवढंच त्याला कळलं. जास्त की कमी, बरोबर की चूक, काही केल्या सांगता येईना. बाप वाट बघत होता.

"मना नाय कलत, बाबा," तो म्हणाला.

"अजून एक तांब्या आन नलाचा," कान्हू म्हणाला. "मंग परत चाख."